सूर्याची वीज आपल्या उपकेंद्रात येण्याआधी

चंद्रपूरहून एक डीसी लाईन निघते आणि ७५२ किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते. ५०० किलोव्होल्टची ही लाईन १९९९ पासून १५०० मेगावॉट वाहून न्यायच्या ताकदीची आहे. कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा, तिरोडा इथली वीजही अशीच मोठमोठ्या मनोऱ्यांवरून बाहेर पडते. विदर्भात मोठ्या तारांचा दुष्काळ नाही. त्या आपल्या वावरांवरूनच जातात, आणि त्यांच्याखाली कास्तकार रात्री दोनला टॉर्च घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो.

आपली दुखरी जागा आहे ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून (इथे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारावर उतरते) धुऱ्यावरच्या डीपीपर्यंतच्या (मोटरींना वीज देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) पंधरा-वीस किलोमीटरांत. सौर वीज नेमकी तिथेच येते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं द्यायचं, दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ, आणि तिथली वीज शेतीच्या वाहिनीला (उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या लाईनला) दिवसा द्यायची, असा तिचा साधा हिशेब. पॅनल सहा महिन्यांत उभे राहतात. तार, टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पायऱ्या) आणि रिले (बिघाड झाला की ब्रेकर पाडणारं यंत्र) मात्र जुनेच राहतात, आणि मग दोष सूर्यावर येतो.

मी बरीच वर्षं उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून काढली. ज्यांच्या गावात प्रकल्प मंजूर झालाय किंवा होऊ घातलाय, त्या सरपंचांनी, कास्तकारांनी आणि नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यांनी काय, कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो.

आधी लॉगशीट उघडा

उपकेंद्रात दर तासाला प्रत्येक वाहिनीचे अँपिअर आणि केव्ही लिहिले जातात. ती वही सगळ्यांच्या समोर असते आणि कोणी वाचत नाही. वर्षातले चार दिवस काढा: जानेवारीचा मध्य, मे महिन्याचा मध्य, ऑगस्टमधला उघडीप असलेला एक दिवस आणि ऑक्टोबरची अखेर. प्रत्येक दिवसाचे चोवीस आकडे एका कागदावर मांडा.

अँपिअरवरून भार काढायचं गणित सोपं आहे. १.७३२ गुणिले ११ गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (तारेतल्या एकूण विजेपैकी खरं काम करणारा हिस्सा), म्हणजे किलोवॉट. वाहिनीवर ९० अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर भार सुमारे १३७० किलोवॉट. दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. ५ एचपीची मोटर तारेतून साधारण साडेचार किलोवॉट ओढते, म्हणजे एका वेळी तीनशे मोटरी चालल्या की १३५० किलोवॉट. हे दोन आकडे जुळले नाहीत तर लाजू नका. कागदावर ५ एचपी आणि विहिरीत साडेसात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तारेवर आकडे टाकून चोरून चालणाऱ्या मोटरी तर कोणत्याच नोंदवहीत नसतात. अंदाज खरा हवा असेल तर वायरमनला चहा पाजून विचारा.

आणखी एक मोजणी हल्ली राहून जाते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ज्यांनी स्वतःचा सौर पंप बसवला, ते वाहिनीवरून उतरले. पाचशे जोडण्यांपैकी शंभर-सव्वाशे अशा उतरल्या असतील आणि प्रकल्पाची क्षमता जुन्या यादीवरून ठरली असेल, तर दुपारी वीज जास्त आणि घेणारा कमी. आजची यादी करा, मगच मेगावॉट बोला.

ढोबळ माप असं धरा: १ मेगावॉटला चार ते पाच एकर जमीन लागते, आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार हजार युनिटांच्या आसपास वीज मिळते. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही तितकीच जास्त, असं समजू नका. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनल ६५ ते ७० अंश तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी १२ ते १८ टक्के तिथेच गळतात.

मे महिन्याची दुपार

चार कागदांपैकी मे महिन्याचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. पश्चिम विदर्भात तोवर विहिरी तळाला गेलेल्या असतात, पऱ्हाटी उपटून झालेली असते, आणि संत्र्याच्या बागा सोडल्या तर मोटरी बंद. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धान असेल तर चित्र उलट. म्हणून यवतमाळचा आराखडा तुमसरला चिकटवू नका.

मोटरी बंद आणि आभाळ स्वच्छ, अशा वेळी प्रकल्पाची वीज वाहिनी पार करून उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ३३ केव्हीकडे चढते. उलटी चढणं हा दोष नाही. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. पण मीटरला, रिलेला आणि टॅपला कळते, आणि ती तिन्ही एकाच दिशेचा विचार करून बसवलेली असतात. म्हणून मे महिन्यातला दुपारी १२ ते २ चा कमीत कमी भार आणि प्रकल्पाची कमाल क्षमता यांची वजाबाकी करा. जो आकडा येईल तेवढी वीज तुमच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाणार. ५ एमव्हीएच्या (साधारण ५ मेगावॉट पेलणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर ३ मेगावॉट उलटे गेले तर काळजी नाही. पण शेजारच्या दोन प्रकल्पांनाही मंजुरी मिळून एकूण ८ मेगावॉट झाले, तर आताच दुसरा ट्रान्सफॉर्मर मागा.

वीझल, रॅबिट, डॉग

आपल्या तारांना प्राण्यांची नावं आहेत. नेहमीच्या या तिघींत वीझल सगळ्यात बारीक, रॅबिट मधली, डॉग जाड. जुन्या शेतीवाहिन्यांवर बहुतेक वीझलच दिसते. किलोमीटरमागे तिचा रोध सुमारे ०.९१ ओहम, रॅबिटचा ०.५४ आणि डॉगचा ०.२७.

सौर वीज तारेत शिरली की त्या टोकाला व्होल्टेज वाढतं. अंदाज काढायला वॉट गुणिले एकूण रोध, भागिले ११,०००. २ मेगावॉटचा प्रकल्प वीझलच्या १० किलोमीटर तारेच्या टोकाला जोडला आणि वाटेत भार नसेल, तर उत्तर येतं १६५० व्होल्टच्या आसपास, म्हणजे १५ टक्के. रॅबिटवर सुमारे ९ टक्के, डॉगवर साडेचार. ११ केव्हीवर मुभा आहे वर ६ टक्के आणि खाली ९ टक्के, म्हणजे ११.६६ केव्हीच्या वर जायचं नाही. उपकेंद्रातच ११.२ केव्ही असेल तर हातात उरतात ४६० व्होल्ट. वीझल तर सोडाच, या हिशेबात डॉगही दमते.

म्हणून माझा आग्रह असा की प्रकल्प वाहिनीच्या शेपटीला जोडू देऊ नका. जाड तारेची स्वतंत्र लाईन थेट उपकेंद्राच्या ११ केव्ही बसला (सगळ्या वाहिन्या जिथून निघतात त्या मुख्य पट्टीला) आणा, आणि ती जितकी आखूड तितकं बरं. स्वतंत्र लाईनवर गावातल्या बल्बांना त्रास होत नाही. पण लाईन लांब असेल तर प्रकल्पाच्या टोकाला व्होल्टेज चढून इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) स्वतःच लाईनपासून सुटतात, ऐन दुपारी. जागा निवडताना ग्रामसभेत गायरान की पडीक, ढोरं कुठे चरतील, यावर भांडण होतं आणि व्हायलाच पाहिजे. त्या भांडणात उपकेंद्रापासूनचं अंतर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.

टॅपची गोष्ट

आमच्या भागातल्या एका उपकेंद्रात प्रकल्प सुरू झाला तो हिवाळ्यात. सगळं छान. मे महिन्यात दुपारी गावठाणातले पंखे जळायला लागले. घरात २४० च्या जागी २६० व्होल्ट. लोक म्हणाले, सौरची वीज तिखट आहे. खरं कारण असं की ट्रान्सफॉर्मरचा टॅप काही वर्षांपूर्वी रात्रीच्या ओलितासाठी वर चढवून ठेवला होता, कारण तेव्हा शेवटच्या डीपीला व्होल्टेज मिळत नव्हतं. आता ओलित दिवसावर आलं, रात्रीचा भार गेला, टॅप तिथेच. आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

अनेक ३३/११ ट्रान्सफॉर्मरांचा टॅप चालू भारात बदलता येत नाही, पुरवठा बंद करूनच फिरवावा लागतो. त्यामुळे प्रकल्प जोडण्याआधी टॅप ठरवा, आणि तो ठरवताना रात्रीचं सगळ्यात कमी आणि दुपारचं सगळ्यात जास्त व्होल्टेज दोन्ही पुढे ठेवा. एकाच टॅपवर दोन्ही बसत नसतील तर चालू भारात बदलणारा टॅपचेंजर मागावा लागेल. त्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा. प्रकल्पाच्या इन्व्हर्टरला थोडी रिअ‍ॅक्टिव्ह वीज (मोटरींना चुंबकत्वासाठी लागते, पण स्वतः काम करत नाही ती) ओढायला सांगता येतं, त्याने व्होल्टेज उतरतं. ही सोय यंत्रात असतेच, फक्त कोणी मागत नाही.

कपॅसिटर लावा, ऑटोस्विच काढा

ही पाटी महावितरणच्या प्रत्येक शेतकरी मेळाव्यात दिसते आणि कास्तकार तिच्याकडे बघून मान डोलावून घरी जातात. सौर वाहिनीवर मात्र तिच्याशिवाय गाडी चालत नाही.

कपॅसिटर आधी. साडेचार किलोवॉट ओढणारी मोटर ०.७५ पॉवर फॅक्टरवर ६ केव्हीए (कामाची आणि रिअ‍ॅक्टिव्ह मिळून एकूण वीज) खाते. तिला २ केव्हीएआरचा कपॅसिटर (रिअ‍ॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारा डबा; केव्हीएआर हे तिचं माप) लावला की तीच मोटर सुमारे ४.९ केव्हीएवर येते. १०० केव्हीएच्या डीपीवर आधी सोळा मोटरी मावत होत्या, आता वीस मावतात. इन्व्हर्टर देतात ती बहुतेक निव्वळ किलोवॉटची वीज. मोटरींना लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह वीज तशीच ३३ केव्हीवरून यावी लागते. १८०० किलोवॉटच्या भारापैकी १५०० सूर्याने दिले, तर वरून येतात फक्त ३०० किलोवॉट, पण रिअ‍ॅक्टिव्ह पूर्ण १६०० च्या घरात. लॉगशीटवर पॉवर फॅक्टर ०.२ च्याही खाली दिसतो आणि नवा अभियंता मीटर बिघडला म्हणून तक्रार लिहितो. मीटर बरोबर असतं. उपकेंद्रातली कपॅसिटर बँक चालू आहे का ते आधी बघा. अनेक ठिकाणी तिचे फ्यूज कधीचे गेलेले असतात.

ऑटोस्विच त्याहून वाईट. लाईन गेली की सगळ्या मोटरी बंद, आली की सगळ्या एका क्षणी सुरू. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आतापर्यंत डीपी जळायचे ते यानेच. सौर आल्यावर यात एक मिनिट वाढतं. नियमानुसार पुरवठा परत आल्यावर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय इन्व्हर्टर जोडला जात नाही. म्हणजे लाईन आल्याच्या पहिल्या मिनिटात तीनशे मोटरी उठलेल्या आणि सूर्य अजून बाहेर थांबलेला. सगळा भार एकट्या ट्रान्सफॉर्मरवर. ब्रेकर पुन्हा पडतो, मिनिट पुन्हा शून्यापासून, आणि हा खेळ तासभर चालू शकतो.

"मंग मी रोज वावरात चक्कर मारू का बाप्पा, बटन दाबाले?" असं मला एका कास्तकाराने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन आहेत. एक, प्रत्येक डीपीवरच्या लोकांनी टाईमर असलेले स्टार्टर घ्यावेत आणि आपसात वेळा वाटून घ्याव्यात: कोणाचा तीन मिनिटांनी, कोणाचा पाच, कोणाचा आठ. दोन, मोबाईलवर चालणारे स्टार्टर. मला पहिला उपाय जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याला रेंज लागत नाही.

खांबावर चढणाऱ्याचा जीव

यावर थोडकंच लिहितो, पण ते आधी वाचा. पूर्वी उपकेंद्रातून ब्रेकर पाडला की तार मेली असं धरता यायचं. आता तारेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक वीजघर आहे. पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत सुटलं पाहिजे हे खरं, पण कोणी त्या भरवशावर खांबावर चढू नये. प्रकल्पाकडचा एबी स्विच (खांबावरचा, हाताने लाईन तोडायचा) उघडा आणि कुलूप लावा, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. परमिट (लाईनवर काम करायची लेखी परवानगी) देताना प्रकल्पाच्या ऑपरेटरचं नाव आणि वेळ वहीत लिहा. घरांच्या छतावरचे छोटे इन्व्हर्टर आणि शाळेचं जनरेटर हेही याच हिशेबात धरा. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सौर संचाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही. त्यामुळे ते गावात वेगाने वाढतील. कोणत्या डीपीवर किती घरांवर पॅनल आहेत, याची यादी डीपीच्या दारावर रंगवून ठेवा.

रिलेचं काम अभियंत्याचं. त्याला एवढंच विचारा: उलट्या दिशेच्या करंटचा विचार करून सेटिंग नव्याने काढलं का, आणि ते कागदावर आहे का?

काळी माती आणि खारपाण

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. खांब कलतात, तारा झोळ खातात, पॅनलचे पाय वर-खाली होतात. उथळ पायावर उभारलेली रांग दोन पावसाळ्यांत वाकडी होते. पाया भेगांच्या थराखाली जायला हवा.

अर्थिंगही याच मातीत. पावसाळ्यात मोजलं तर सगळंच उत्तम दिसतं. मे महिन्यात मोजा. ३३ केव्ही उपकेंद्राचा अर्थ २ ओहमच्या आत आणि डीपीचा ५ ओहमच्या आत हवा. नसेल तर खड्ड्यात पाणी घालत बसण्यापेक्षा आणखी इलेक्ट्रोड जोडा. मृगाआधीच्या वादळांत विजा पडतात तेव्हा लायटनिंग अरेस्टर याच अर्थिंगच्या भरवशावर असतात.

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्याने पॅनल धुऊ नका. मिठाचा पापुद्रा बसतो आणि अर्थिंगची पट्टीही गंजते. पावसाचं साठवलेलं पाणी ठेवा. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आहे, तिथे धुणं जास्त वेळा लागेल.

फांद्या तोडायचं आणि दुरुस्तीचं शटडाऊन आजवर सकाळी अकराला घ्यायची सवय. सौर वाहिनीवर ते पहाटे सहा ते नऊ घ्या. उजेडही असतो आणि पॅनलची कमाईही फारशी बुडत नाही.

भार उन्हाखाली आणा, मग बॅटरीकडे बघा

प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न बॅटरीचा निघतो. माझ्या मते तो शेवटचा आहे. सगळ्यात स्वस्त बॅटरी म्हणजे पाणी. दुपारी शेततळं भरून घ्या, सकाळी ठिबक त्यातून चालवा. ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी पहाटे चारला भरतात, ती ११ ते ३ मध्ये भरा. यासाठी एक पैसाही लागत नाही, फक्त पाणी सोडणाऱ्याची वेळ बदलते. पिठाची चक्की, डाळ मिल, जिनिंग, भंडाऱ्याकडच्या राईस मिल यांना दुपारची वेळ सोयीची आहेच. स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेला वीजदरात सवलत आहे, ती त्यांना समजावून सांगा.

त्यानंतर जे उरतं ते म्हणजे कूलर. विदर्भातला उन्हाळ्याचा खरा भार संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत गावठाण वाहिनीवर येतो, सूर्य गेल्यावर. शेतीच्या वाहिनीला बॅटरी कशाला? ती गावठाणासाठी मोजा. १ मेगावॉट तीन तास हवं असेल तर ३ मेगावॉट-तास, आणि गळती व पूर्ण न रिकामी करण्याची मर्यादा धरून साडेतीन. दुपारची उलटी जाणारी वीज तिच्यातच भरता येते, म्हणजे मे महिन्याचं दुखणंही हलकं होतं. पण ४६ अंशांत लिथियमची बॅटरी थंड ठेवायला तिचाच काही भाग खर्च होतो, तो पुरवठादाराकडून लिहून घ्या.

बाकीची संध्याकाळ कोळसाच सांभाळतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचाला ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावं लागतं, आणि टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत. चंद्रपूरचा ५०० मेगावॉटचा संच दुपारी २७५ वर उतरायचा आणि दिवेलागणीला परत चढायचा. तो किती चढवायचा हे ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र दिवसाच्या ९६ तुकड्यांत ठरवतं. नागपूरला अंबाझरीचं क्षेत्रीय केंद्र आहे. आपल्या प्रकल्पाचा उद्याचा अंदाज त्यांना वेळेवर आणि प्रामाणिक गेला पाहिजे. पावसाळ्यात ढग आला की २ मेगावॉटचा प्रकल्प मिनिटभरात अर्ध्याखाली येतो. तालुक्यात दहा ठिकाणी विखुरलेले असतील तर सगळ्यांवर ढग एकदम येत नाही. म्हणून मला एका जागी २० मेगावॉटपेक्षा दहा जागी दोन-दोन बरे वाटतात.

पहिल्या उन्हाळ्यातली दुपार

सगळं झालं, प्रकल्प जोडला, हिवाळा सुरळीत गेला. मे महिन्यातला एक रविवार निवडा, जिनिंग बंद आणि मोटरी बंद असतील असा. दुपारी १२, साडेबारा, १ आणि दीडला चार वाचनं घ्या: बसचं व्होल्टेज, प्रकल्पाच्या टोकाचं व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाणारी वीज आणि त्याचं तेलाचं तापमान. गावठाणात शेवटच्या घरी कोणाला तरी मल्टीमीटर घेऊन बसवा. बस ११.६६ केव्हीच्या खाली आणि घरात २५४ च्या खाली असेल तर कागदावर सह्या करून तो लॉगशीटला लावा. वर गेलं तर आधी इन्व्हर्टरची रिअ‍ॅक्टिव्ह सेटिंग बदलून पुन्हा वाचन घ्या. तरी उतरत नसेल तर सोमवारी पहाटेचं शटडाऊन मागा आणि टॅप एक पायरी खाली आणा. मग त्याच दिवशी रात्री नऊला, सगळे कूलर चालू असताना, शेवटच्या घरी परत वाचन घ्या.